थंब मशीन, आधार शिबिर आणि मुलांचे ठसे : वाचकांचे प्रश्न

शाळा सुरू झाल्या की या सदराकडे प्रवेश आणि फी यांचीच पत्रं येतात. या वेळी बरीच पत्रं मुलांचे ठसे, चेहरा आणि आधार यांबद्दल आहेत, म्हणून हा अंक त्यालाच दिला. एक गोंधळ जवळपास प्रत्येक पत्रात आहे, तो आधी निस्तरू. आधारसाठी घेतलेले ठसे यूआयडीएआय या केंद्रीय प्राधिकरणाकडे जातात. शाळेकडे ते राहत नाहीत. शाळेच्या दारातल्या मशीनवर घेतलेले ठसे शाळेकडे किंवा मशीन देणाऱ्या कंपनीकडे राहतात. आधारशी त्यांचा संबंध नसतो. दोन्हींचे कायदे वेगळे, धोके वेगळे आणि तक्रार करायची दारंही वेगळी.

प्रश्न : मुलगी तिसरीत आहे. शाळेनं जूनपासून गेटवर थंब मशीन बसवलंय. पत्रकात लिहिलंय, की मशीन ठसा साठवत नाही, फक्त ‘टेम्प्लेट’ म्हणजे आकडे साठवतं आणि त्यातून ठसा परत तयार करता येत नाही. हे खरं आहे का? — एक पालक, पुणे

पहिलं बहुतेक वेळा खरं, दुसरं खोटं.

मशीन बोटाचा फोटो काढतं आणि त्यातल्या रेषा कुठे संपतात, कुठे एकीच्या दोन होतात, ते बिंदू शोधतं. प्रत्येक बिंदूची जागा आणि तिथल्या रेषेचा कल एवढंच नोंदवून ठेवतं. हेच टेम्प्लेट. फोटो त्यानंतर टाकून दिला जातो, निदान जायला हवा. काही मशीनच्या सेटिंगमध्ये तो ठेवायचीही सोय असते, तेव्हा ‘फोटो साठवणं बंद आहे’ हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावं. मात्र प्रमाणित नमुन्याच्या टेम्प्लेटवरून ठशाचं चित्र पुन्हा उभं करता येतं आणि ते चित्र जुळणी करणाऱ्या यंत्रणांना फसवू शकतं, हे संशोधकांनी २००७ सालीच दाखवून दिलं आहे. मूळ बोटाची हुबेहूब प्रत होत नाही, पण मशीनला तेवढी लागतही नाही.

विक्रेते आणखी एक सांगतात : ‘पासवर्डसारखं हॅश करून ठेवतो.’ हॅश म्हणजे मूळ गोष्ट परत काढता येऊ नये अशी तिच्यावरून बनवलेली आकड्यांची खूण. पासवर्ड दर वेळी अक्षरन् अक्षर तोच असतो, म्हणून त्याचं हॅश जुळतं. बोट मात्र दर वेळी थोडं तिरकं, थोडं कमीजास्त दाबलेलं, कधी ओलं असतं. तंतोतंत तोच नमुना दोनदा मिळत नाही, त्यामुळे नेहमीच्या हजेरी यंत्रात साधं हॅश चालतच नाही. टेम्प्लेट कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करून ठेवता येतं, पण जुळवताना ते उघडावं लागतं, आणि उघडण्याची किल्ली त्याच मशीनमध्ये किंवा सर्व्हरवर असते. म्हणून पत्रकातल्या शब्दांपेक्षा ती किल्ली कुणाकडे आहे हे विचारा.

चोरीला गेलेला पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही. २०१५ साली अमेरिकेतल्या सरकारी कर्मचारी खात्यातून ५६ लाख माणसांचे ठसे चोरीला गेले. ती माणसं निवृत्त झाली तरी ठसे तेच राहणार. तिसरीतल्या मुलीला तेच बोट पुढची साठसत्तर वर्षं वापरायचं आहे. त्यात बँक आली, दस्तनोंदणी आली, आणि आज माहीतही नसलेल्या गोष्टी आल्या.

आता व्यवहाराचं. शाळेतली माहिती फुटते ती सिनेमातल्या हॅकरमुळे नव्हे. मशीनचा अॅडमिन पासवर्ड कारखान्यातून आला तोच ठेवलेला असतो. मशीनच्या बुडाला यूएसबीचं भोक असतं आणि ‘डाउनलोड यूजर’ केलं की सगळी नावं, टेम्प्लेटं पेनड्राइव्हवर येतात. ऑफिसच्या संगणकावर कंपनीचा माणूस दुरून शिरतो आणि ते दार नंतर उघडंच राहतं. चार वर्षांनी मशीन बिघडतं आणि मेमरी न पुसता भंगारात जातं. पालकसभेत हे चारही प्रश्न विचारा. उत्तरं मिळाली नाहीत, तर मशीन चालवायची शाळेची तयारी झालेली नाही असंच समजा.

आमचं स्पष्ट मत : तिसरीच्या हजेरीला बोट लागत नाही. प्रॉक्सी हा कॉलेजचा रोग. राज्यानं २०१८ साली अकरावी-बारावी विज्ञानाला बायोमेट्रिक हजेरी आणली, तिला क्लासशी टाय-अप करून वर्गच न भरवणाऱ्या कनिष्ठ महाविद्यालयांचं कारण तरी होतं. तिसरीतल्या मुलीच्या जागी कोण येणार? वर्गशिक्षक मुलांना तोंडावरून ओळखतात. शिवाय गणित करून बघा : १,२०० मुलं, दोन मशीन, प्रत्येकी ४ सेकंद, म्हणजे गेटवर ४० मिनिटांची रांग. वर्गात हजेरी घ्यायला चार मिनिटं पुरतात.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत आधार अपडेटचं शिबिर लावायचं आहे. निम्म्या मुलांचे ठसे ‘घेत नाही’ असं ऑपरेटर सांगतो. पालक विचारतात, ठसे शाळा ठेवणार का? काय तयारी करू? — मुख्याध्यापिका, यवतमाळ जिल्हा

पालकांना सांगायचं उत्तर एका ओळीचं आहे : ठसे ऑपरेटरच्या संचातून कुलूपबंद होऊन यूआयडीएआयकडे जातात, शाळेकडे काही राहत नाही. आधार कायद्याच्या कलम २९ नुसार मूळ बायोमेट्रिक माहिती कुणालाही, कोणत्याही कारणासाठी देता येत नाही. शाळेला कळतं ते इतकंच, की अमुक मुलाचा अपडेट बाकी आहे की झाला. ते आता युडायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर दिसतं.

पाच वर्षांखालच्या बाल आधारला ठसे घेतच नाहीत. फक्त फोटो असतो आणि आईवडिलांपैकी एकाच्या आधारची खात्री केली जाते. म्हणून पाच पूर्ण झाल्यावर एकदा आणि पंधरा पूर्ण झाल्यावर पुन्हा, असे दोन अनिवार्य अपडेट असतात. त्यात दहा बोटं, दोन्ही बुबुळं आणि फोटो. ५ ते ७ आणि १५ ते १७ या वयात ते मोफत आहेत. मधल्या, ७ ते १५ वयाच्या मुलांचं शुल्कही १ ऑक्टोबर २०२५ पासून वर्षभरासाठी माफ केलं आहे. तेव्हा मुदत पाहून शिबिर लावा, आणि मुदतीत कुणी पैसे मागितले तर १९४७ या आधारच्या हेल्पलाइनवर फोन करा. सात उलटूनही पहिला अपडेट झाला नाही तर आधार निष्क्रिय होऊ शकतो, म्हणून शिबिरात आधी दुसरी-तिसरीची मुलं घ्या.

ठसे न येण्याची कारणं बहुतेक साधी असतात. लहान बोटावर रेषा जवळजवळ असतात, त्यामुळे काचेवरचा थोडा मळही चित्र पुसट करतो. काच दर पाचदहा मुलांमागे कोरड्या मऊ कापडानं पुसायला लावा. थंडीत बोटं कोरडी, भेगाळलेली असतात. साबणानं धुऊन, पुसून, किंचित तेलाचा हात फिरवून जादाचं टिपून घ्या. पावसाळ्यात उलट, बोटं ओली असतात, ती नीट कोरडी करा. मेंदी असेल तर मुलीला दोन आठवड्यांनी बोलवा. लग्नसराईत आणि नागपंचमीच्या सुमाराला शिबिर ठेवूच नका. मूल उंच टेबलापाशी टाचा वर करून उभं असेल तर बोटांची टोकंच टेकतात. स्टूल द्या, चार बोटं एकत्र सपाट ठेवायला सांगा. बुबुळासाठी मुलाची पाठ खिडकीकडे हवी, तोंड नको, म्हणजे डोळ्यात उजेडाचा डाग पडत नाही. एखादं बोट नसेल किंवा जायबंदी असेल तर ऑपरेटरनं ते अपवाद म्हणून नोंदवायचं असतं. दुसऱ्याचं बोट टेकवून वेळ मारून नेऊ देऊ नका. मोठेपणी त्या मुलाचं आधार कुठेच चालणार नाही.

पालक सोबत हवेतच. पोचपावती प्रत्येक पालकाच्या हातात द्या, शाळेत गठ्ठा करून ठेवू नका. आणि एक कळकळीची विनंती : ‘आधारचा फोटो ग्रुपवर टाका’ असा निरोप वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कधीही पाठवू नका. शिबिरात ठसे कडेकोट राहतात आणि चाळीस मुलांचे आधार क्रमांक, जन्मतारखा, पत्ते मात्र चाळीस घरांच्या फोनमध्ये जातात.

प्रश्न : अपडेट झाला नाही म्हणून पाचवीत प्रवेश देता येणार नाही असं शाळा म्हणते. — एक पालक, लातूर

म्हणू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात शालेय प्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. ६ ते १४ वयाचं शिक्षण हा कलम २१-अ खालचा मूलभूत हक्क आहे, सरकारनं दिलेली सवलत नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आधार कायद्यातलं कलम ३-अ आणखी पुढे जातं : मुलाची ओळख आधारनं पटली नाही म्हणून त्याला कोणताही लाभ किंवा सेवा नाकारता येत नाही.

शाळेची बाजूही समजून घ्या. गेल्या काही वर्षांत संचमान्यता, म्हणजे शिक्षकांची पदं, आधार-वैध पटसंख्येवर मोजली जाऊ लागली. चार मुलं ‘इनव्हॅलिड’ दिसली तर एक शिक्षक अतिरिक्त ठरायची भीती असते. म्हणून मुख्याध्यापक कासावीस होतात आणि त्याचा ताप तुमच्यावर निघतो. प्रवेशअर्ज लेखी द्या, नकारही लेखी मागा. बहुतेक ठिकाणी इथेच काम होतं. नाहीच झालं तर गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, आणि शेवटी राज्य बालहक्क संरक्षण आयोग.

प्रश्न : मी दहावीत आहे. मशीन माझं बोट घेत नाही. दोनदा तर माझ्याऐवजी वरच्या वर्गातल्या मुलीचं नाव आलं. मॅडम म्हणतात, तूच नीट लावत नाहीस. — एक विद्यार्थिनी, सोलापूर

तू बरोबर लावत असशील. दोन्ही त्रास एकाच कारणातून येतात.

तुझं बोट मशीन फक्त तुझ्या नोंदीशी ताडत नाही, शाळेतल्या सगळ्यांच्या नोंदींशी ताडतं. समजा शाळेत १,२०० मुलं आहेत आणि मशीन लाख तुलनांत एकदाच चुकतं. रोज १,२०० बोटं गुणिले १,२०० नोंदी म्हणजे १४ लाख ४० हजार तुलना. लाखात एक म्हटलं तरी दिवसाला चौदाएक चुकीच्या जुळण्या संभवतात. रांग लवकर सरकावी म्हणून कुणी मशीनची कडक पातळी खाली आणली असेल, तर दुसऱ्याचं नाव येणं आणखी वाढतं. पातळी चढवली तर बोट नाकारलं जाणं वाढतं. दोन्ही एकदम कमी होत नाहीत.

शिवाय वय. तुझा ठसा पाचवी-सहावीत घेतला असेल तर बोट तेव्हापासून बरंच वाढलंय. रेषांचा आराखडा तोच राहतो, पण त्यांच्यातलं अंतर वाढतं आणि जुनं टेम्प्लेट सैल जुळतं. मुलांची नोंदणी म्हणूनच वर्ष-दोन वर्षांनी नव्यानं करावी लागते. ती करताना जुनी नोंद पुसायची असते. बहुतेक वेळा ती पुसत नाहीत, आणि दोन्ही नोंदी मशीनमध्ये पडून राहतात.

वर्गशिक्षकांना सांगून पुन्हा नोंदणी करून घे : दोन्ही हातांचं एकेक बोट, टोकाऐवजी मधला फुगीर भाग सपाट टेकवून. मशीनला आकड्यांची बटणं असतील तर आधी हजेरी क्रमांक दाबून मग बोट लावायची पद्धत सुरू करायला सांग. मग तुलना फक्त तुझ्याच नोंदीशी होते आणि दुसऱ्याचं नाव येण्याचा प्रश्न जवळजवळ मिटतो. तोवर ज्या दिवशी चुकेल त्याच दिवशी हजेरीपटावर दुरुस्ती करून घे. दहावीला ७५ टक्के हजेरीची अट आहे. मार्चमध्ये मशीनशी वाद घालण्यात अर्थ नाही. आणि हे पान मॅडमना दाखवायला हरकत नाही.

प्रश्न : ‘अपार’ आयडीच्या संमतिपत्रावर सही मागतात. त्यात ठसे जातात का? — एक पालक, नाशिक

नाही. अपार हा विद्यार्थ्याचा १२ अंकी शैक्षणिक क्रमांक आहे. त्यासाठी शाळेत ठसे घेत नाहीत. आधारवरचं नाव, जन्मतारीख शाळेच्या नोंदीशी जुळवतात, आणि गुणपत्रिका डिजिलॉकरशी जोडल्या जातात. अपार ऐच्छिक आहे, दिलेली संमती मागे घेता येते. सही करायची नसेल तर कोऱ्या फॉर्मऐवजी ‘संमती देत नाही’ असं लिहून, तारीख टाकून द्या; कोरा फॉर्म कधी कुणी भरेल सांगता येत नाही. करायची असेल तर आधी जनरल रजिस्टरमधलं आणि आधारवरचं नाव अक्षराला अक्षर जुळतंय का पाहा. अपार अडकतो तो बहुतेक वेळा वडिलांच्या नावावर आणि आडनावाच्या स्पेलिंगवर.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या तीन शाळा आहेत. एक कंपनी चेहरा ओळखणारे कॅमेरे पहिलं वर्ष मोफत देते म्हणते. करार करावा का? केला तर त्यात काय असावं? — संस्थाचालक, कोल्हापूर

मोफत कशाबदली, हा पहिला प्रश्न. चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला शिकायला चेहरे लागतात, आणि एकाच मुलाचे पाचवी ते दहावी बदलत जाणारे फोटो हा तर दुर्मीळ माल. करारात ‘सेवा सुधारण्यासाठी माहिती वापरू’ असं एखादं वाक्य असतंच. ते खोडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चेहऱ्याची अडचण बोटापेक्षा वेगळी. बोट लावायला मूल थांबतं, त्याला कळतं की नोंद होतेय. कॅमेरा येताजाता नोंद करतो : कोण कुणाबरोबर डबा खातं, कोण मधल्या सुट्टीत एकटं बसतं. हजेरीसाठी घेतलेला कॅमेरा सहा महिन्यांत ‘लक्ष देतोय की नाही’ मोजायला लागतो, कारण सॉफ्टवेअरमध्ये ते बटण आधीच असतं. अचूकतेबद्दल सांगायचं तर अमेरिकेच्या मानक संस्थेनं, म्हणजे निस्टनं, २०१९ मध्ये केलेल्या मोठ्या चाचणीत मुलांच्या चेहऱ्यांवर चुकीची जुळणी प्रौढांपेक्षा जास्त आढळली. जुळ्या भावंडांचा प्रश्न वेगळाच. कंपनी ९९ टक्के म्हणाली, तर विचारा : कोणत्या वयाच्या मुलांवर, कोणत्या उजेडात, किती जणांच्या यादीतून?

बाहेर काय झालं तेही पाहा. स्वीडनमधल्या शेलेफ्तियो गावच्या शाळेनं २०१८ मध्ये २२ विद्यार्थ्यांवर तीन आठवडे हजेरीचा प्रयोग केला. पालकांची संमती घेतलेली होती. तरी २०१९ मध्ये नगरपालिकेला दोन लाख क्रोनर दंड झाला. कारण असं दिलं, की विद्यार्थी शाळेवर अवलंबून असतो, तेव्हा ती संमती मोकळेपणी दिलेली मानता येत नाही, आणि हजेरी याहून सौम्य मार्गानं घेता येते. फ्रान्समध्ये मार्सेय आणि नीसच्या शाळांच्या दारातल्या चेहरा-ओळखीला न्यायालयानं २०२० मध्ये थांबवलं. न्यूयॉर्क राज्यानं २०२३ मध्ये शाळांत चेहरा-ओळखीवर बंदीच घातली.

आपला कायदा म्हणजे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. त्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येकजण मूल आहे. मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांच्या वागण्यावर माग ठेवायला बंदी आहे. शैक्षणिक संस्थांना यातून सवलत आहे, पण ती शैक्षणिक कामकाज आणि मुलांची सुरक्षितता यांपुरतीच. हजेरी त्यात बसते असं तुम्ही म्हणू शकाल. कंपनीचं सॉफ्टवेअर घडवणं त्यात बसत नाही. आणि माहिती सुरक्षित ठेवण्याच्या, काम संपल्यावर पुसण्याच्या जबाबदारीतून सवलत मुळीच नाही. महत्त्वाचं असं, की कायद्याच्या नजरेत जबाबदार शाळा. कंपनी ही तुमच्या वतीनं काम करणारी. करारात काहीही लिहा, उत्तर तुम्हालाच द्यावं लागणार. मुलांबाबतच्या जबाबदाऱ्या मोडल्यास दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी, सुरक्षेत हयगय झाल्यास २५० कोटी. तेवढा दंड कुणी तुमच्या शाळेला लावेल असं नाही, पण ‘कंपनीनं केलं’ हा बचाव नाही.

मे २०२७ पर्यंत मोकळं रान आहे असंही समजू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत बायोमेट्रिक ही संवेदनशील माहिती आहे, आणि ती गोळा करणाऱ्या कंपनीला लेखी संमती घ्यावी लागते.

तरीही करायचंच असेल तर करारात एवढं हवं. टेम्प्लेट शाळेतल्या यंत्रातच राहील, कंपनीच्या सर्व्हरवर जाणार नाही. मुलांचे फोटो किंवा टेम्प्लेट सॉफ्टवेअर शिकवायला, चाचणीला, दुसऱ्या ग्राहकाला दाखवायला वापरणार नाही. मूल शाळा सोडेल त्या दिवसापासून ३० दिवसांत बॅकअपसकट पुसून लेखी दाखला देणार. दुरून दुरुस्ती करायची तर शाळेचा माणूस समोर असतानाच, आणि प्रत्येक वेळेची नोंद. माहिती फुटली तर कंपनी २४ तासांत कळवणार. कारण नवे नियम लागू झाल्यावर तुम्हाला पालकांना विनाविलंब आणि या कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यावा लागेल, कंपनीनं आठवडा लावला तर तुम्ही अडकलात. करार संपला की मशीन परत देण्याआधी मेमरी तुमच्यासमोर पुसायची. आणि जे पालक नको म्हणतील त्यांच्या मुलांसाठी दुसरी सोय, तीही वेगळ्या रांगेत उभं करून ओशाळं न करणारी. ही शेवटची अट कागदावर सगळ्यात सोपी आणि शाळेच्या दारात सगळ्यात आधी मोडते.

याहून स्वस्त उपाय म्हणजे ओळखपत्रावरचा क्यूआर कोड किंवा टॅप करायचं कार्ड. हरवलं तर नवं देता येतं. मुलगा आत आला की घरी मेसेज जावा, एवढीच पालकांची मागणी असेल, तर ती यात भागते.

प्रश्न : इथल्या शाळेत कँटीनला बोट लावून जेवण मिळतं. मुलाला नकोय, आम्हाला मात्र सोयीचं वाटतं. कुणाचं चालतं? — एक पालक, स्लाव, इंग्लंड

मुलाचं. इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स अॅक्ट २०१२’ मधली शाळांसाठीची कलमं सप्टेंबर २०१३ पासून लागू आहेत. शाळेनं दोन्ही पालकांना कळवायचं, निदान एकाची लेखी संमती घ्यायची, दुसऱ्यानं लेखी हरकत घेतली तर थांबायचं. मुलानं नको म्हटलं, तर दोन्ही पालकांची सही असली तरी शाळेला पुढे जाता येत नाही. त्याला पिन किंवा कार्डासारखी दुसरी सोय द्यावी लागते. मुलाचा नकार लेखी असायचीही गरज नाही. एसेक्समधल्या चेल्मर व्हॅली हायस्कूलनं मार्च २०२३ मध्ये कँटीनला चेहरा-ओळख सुरू केली. आधी धोक्यांचं मूल्यमापन केलं नाही आणि ‘नको असेल तर कळवा’ एवढीच चिठ्ठी पाठवली. २०२४ मध्ये तिथल्या माहिती आयुक्तालयानं शाळेला जाहीर समज दिली. गप्प बसणं म्हणजे होकार, हे तिथे चालत नाही. मुलाच्या नकाराला असं वजन आपल्या कायद्यात अजून नाही, हेही जाता जाता नोंदवतो.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी संमतिपत्रावर सही केली होती. आता मुलगा शाळा सोडतोय. त्याचे ठसे पुसून घ्यायचे कसे? मुलाच्या आधारलाही कुलूप लावता येतं असं ऐकलं. — एक पालक, ठाणे

दाखला घ्यायला जाल त्याच दिवशी अर्ज द्या, दोन प्रतींत, आणि एकीवर पोच घ्या. मजकूर एवढा पुरे :

‘माझा मुलगा (नाव, इयत्ता, जनरल रजिस्टर क्रमांक) याच्या बायोमेट्रिक नोंदीसाठी दिलेली संमती मी आजपासून मागे घेत आहे. त्याचे ठसे/चेहऱ्याचे टेम्प्लेट व फोटो हजेरी यंत्रातून, कार्यालयीन संगणकातून, पुरवठादाराच्या सर्व्हरवरून आणि बॅकअपमधून पुसून, पुसल्याची तारीख व पुसणाऱ्या व्यक्तीचे पद नमूद केलेले लेखी उत्तर १५ दिवसांत द्यावे. शैक्षणिक अभिलेख पुसण्याची ही विनंती नाही.’

शेवटचं वाक्य गाळू नका. जनरल रजिस्टर आणि हजेरीपट शाळेला जपून ठेवावेच लागतात, आणि ‘रेकॉर्ड पुसता येत नाही’ असं म्हणून अर्ज परत करायला तेच निमित्त होतं. चारही जागांची नावं लिहा. मशीनमधून पुसलेलं नाव रात्री सर्व्हरशी जुळवणी झाली की पुन्हा मशीनमध्ये येतं, हा नेहमीचा प्रकार आहे. शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी मुलाला मशीनवर बोट लावून पाहू द्या. नाव आलं, तर पुसलेलं नाही.

उत्तर आलं नाही आणि शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल, तर माहितीचा अधिकार वापरा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराला ३० दिवस. मागायचं ते असं : पुरवठादाराशी झालेल्या कराराची प्रत, यंत्र बसवण्याच्या ठरावाची किंवा शासनादेशाची प्रत, माहिती किती काळ ठेवायची त्याचा लेखी निर्णय. विनाअनुदानित शाळेकडे थेट असा अर्ज चालत नाही. तिथे शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे त्या शाळेबाबतची कागदपत्रं मागा, आणि कंपनीला वेगळं पत्र पाठवा.

आता कुलपाचं. मुलाच्या आधारला तुमचा मोबाइल जोडलेला असेल तर यूआयडीएआयच्या ‘माय आधार’ संकेतस्थळावर बायोमेट्रिक लॉक करता येतं. मग बोट, बुबुळ, चेहरा यांपैकी कशानंही कुणाला त्या आधारवर प्रमाणीकरण करता येत नाही. ओटीपी चालू राहतो. हे लावून ठेवाच, विशेषतः शिष्यवृत्तीचं खातं आधारशी जोडलेलं असेल तर. दस्तांवरून उचललेल्या ठशांचे रबरी छाप करून आधारवरून पैसे काढल्याचे गुन्हे देशात नोंदले गेले आहेत. कुलूप लावलेल्या आधारवर तो छाप चालत नाही. ‘माय आधार’वरच गेल्या सहा महिन्यांत आधार कुठे कुठे वापरला गेला त्याची यादीही मिळते, ती महिन्यातून एकदा पाहा. मात्र शाळेच्या मशीनमधल्या टेम्प्लेटला या कुलपाचा उपयोग नाही, त्याला वरचा अर्जच लागतो. आणि मुलाला सांगून ठेवा : अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत स्वतःचं आधार रद्द करण्याचा अर्ज करायचा हक्क त्याला कायद्यानं दिला आहे.